साखर, नाशिकची मुलं आणि कोपऱ्यावरचं कार वॉश

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. साखर किती घालायची ते वाचून झाल्यावर ठरवा.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर म्हणजे ब्लॅक हिस्टरी मंथ, आणि १८ ऑक्टोबर हा गुलामगिरीविरोधी दिवस. २०१० साली इथल्या पार्लमेंटने तसा कायदाच केला. त्यामुळे या महिन्यात मुलं शाळेतून विल्बरफोर्सचं नाव घेऊन घरी येतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत जातात, कारण घराजवळची चांगली शाळा नेमकी तीच असते. तिथल्या असेंब्लीत सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी असते: पूर्वी गुलामगिरी होती, विल्बरफोर्स नावाच्या देवभक्त माणसाने ती बंद करायला लावली, १८३३ साली कायदा झाला आणि विषय संपला.

यात खोटं काही नाही. पण ही गोष्ट अर्धीसुद्धा नाही. माझ्या मते मुलांना सांगण्यासारखा भाग वेगळाच आहे. चर्चमध्ये नियमाने जाणाऱ्या, दानधर्म करणाऱ्या चांगल्या माणसांना समोरची गुलामगिरी दिसायला इतका वेळ का लागला? ती त्यांना दाखवली कुणी? आणि आज, कायदा होऊन पावणेदोनशे वर्षं उलटून गेल्यावर, तीच चर्चमंडळी आपल्या लोकांना पुन्हा "बघा, बघा" असं का सांगताहेत? या गोष्टीत मध्येच आपलं नाशिक येतं, आणि शेवटी आपली स्वतःची घरंही येतात. अमेरिका आणि आखातातल्या मंडळींनी म्हणून मध्येच सोडू नका.

सुरुवात बार्बाडोसपासून करू. ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नावाचा एक श्रीमंत मळेवाला १७१० साली वारला. त्या बेटावरचे उसाचे दोन मळे त्याने मृत्युपत्रात चर्च ऑफ इंग्लंडच्या एका धर्मप्रसारक संस्थेला देऊन टाकले. संस्थेचं नाव सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल, स्थापना १७०१, अध्यक्ष खुद्द कँटरबरीचे आर्चबिशप. मृत्युपत्रात अट होती की तिथे एक कॉलेज काढावं, आणि मळ्यांवर कायम तीनशे गुलाम ठेवावेत. संस्थेने दोन्ही स्वीकारलं. ते कॉलेज आजही आहे.

सुरुवातीच्या काळात त्या मळ्यावरच्या माणसांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने एक शब्द डागला जायचा: 'सोसायटी'. म्हणजे ही माणसं संस्थेची मालमत्ता आहेत, पळाली तर परत आणून द्या. गुरांना डाग देतात ना, तसंच. १७४० च्या सुमारास विकत आणलेल्या दहा गुलामांपैकी चार जण तीन वर्षांच्या आत मरत होते. मरत होते म्हणून नवे आणायचे. हिशोब लंडनला जायचा, आर्चबिशप, बिशप मंडळी बैठकीत तो बघायची आणि मंजूर करायची. ही क्रूर माणसं नव्हती. त्यांना बार्बाडोस कागदावर दिसत होतं, आणि कागदावर फक्त साखरेचे आकडे होते.

आतून कुणी बोललंच नाही असंही नाही. १७८३ साली चेस्टरचे बिशप बील्बी पोर्टियस यांनी याच संस्थेच्या वार्षिक प्रवचनात, तोंडावर, सांगितलं की आपल्या मळ्यावरच्या गुलामांची स्थिती सुधारा. नंतर त्यांनी रीतसर योजना लिहून दिली. समितीने ती नाकारली. आणि १८३३ च्या कायद्यानंतर सरकारने मालकांना जी भरपाई वाटली, तिच्यात या संस्थेलाही ४११ माणसांबद्दल ८,८२३ पौंड, ८ शिलिंग आणि ९ पेन्स मिळाले. ९ पेन्सपर्यंत हिशोब चोख. त्या ४११ जणांना काही मिळालं नाही. उलट कायदा झाल्यावरही त्यांना १८३८ पर्यंत 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकांकडे राबावं लागलं.

मालकांना दिलेली एकूण भरपाई होती २ कोटी पौंड. त्यासाठी सरकारने कर्ज उभारलं, आणि ते पुरतं फिटलं २०१५ साली. म्हणजे आपल्यापैकी जे २०१५ च्या आधी इंग्लंडला आले आणि पगारातून टॅक्स कापून घेत होते, त्यांच्या खिशातूनही त्यातले काही पैसे गेले आहेत. मोठ्या मुलांना हे जरूर सांगा. "इतिहास म्हणजे जुनं काहीतरी" ही समजूत या एका माहितीने पार बदलते.

मग दिसायला लागलं कसं? पहिलं श्रेय क्वेकर पंथाच्या लोकांना. इंग्लंडमध्ये ते अल्पसंख्य, थोडे विक्षिप्त समजले जाणारे ख्रिस्ती. २२ मे १७८७ रोजी लंडनमधल्या एका छापखान्यात बारा जण जमले आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. बारातले नऊ क्वेकर होते. त्यांनी पुढच्या काही वर्षांत जे केलं ते आज आपण सगळे मोबाइलवर करतो: चित्र, चिन्ह, बहिष्कार. ब्रूक्स नावाच्या जहाजात माणसं कशी दाटीवाटीने आडवी रचतात त्याचा नकाशा छापून घरोघर वाटला. मातीची भांडी बनवणाऱ्या वेजवुडने साखळीतल्या गुडघे टेकलेल्या माणसाचं पदक बनवलं, ते बायका अंगावर दागिन्यासारखं घालू लागल्या. आणि १७८९ साली ओलाउडा इक्वियानो या, स्वतः गुलाम राहिलेल्या आणि ख्रिस्ती झालेल्या माणसाने आपलं आत्मचरित्र छापलं आणि ते घेऊन गावोगाव फिरला. ऐकीव माहिती आणि सोसलेल्या माणसाचं बोलणं यात काय फरक असतो ते लोकांनी तेव्हा पाहिलं.

पण खरा दणका दिला साखरेने. १७९१ च्या एप्रिलमध्ये विल्बरफोर्सचा ठराव पार्लमेंटमध्ये ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. तेव्हा विल्यम फॉक्स नावाच्या माणसाने एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात त्याने शुद्ध गृहिणीचा हिशोब मांडला: आठवड्याला ५ पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने २१ महिने साखर आणि तिच्याबरोबरची रम सोडली, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळते. आकडा किती बरोबर होता हा वाद बाजूला ठेवा. पार्लमेंटमध्ये मत नसलेल्या बाईलाही स्वयंपाकघरात मत होतं, हे त्याने ओळखलं. तीन लाख लोकांनी साखर सोडल्याचा अंदाज चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनने लिहून ठेवला आहे. त्यांत मुलंही होती.

पुढे १८२४ मध्ये लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिकने तर पुरुष पुढाऱ्यांनाच फैलावर घेतलं. हे पुढारी म्हणत होते की गुलामगिरी 'हळूहळू' संपवू. ही विधवा क्वेकर बाई म्हणाली, हळूहळू म्हणजे कधी? तिने पुस्तिका लिहिली, मैत्रिणींना घेऊन लेस्टरमध्ये दारोदार फिरली, किराणा दुकानदारांना सांगितलं की वेस्ट इंडिजची साखर ठेवू नका. बायकांनी असं घरोघर हिंडावं हे खुद्द विल्बरफोर्सला पसंत नव्हतं. पण बायकांच्या मंडळांकडून येणारी वर्गणी पुढाऱ्यांना हवी होती. 'हळूहळू' हा शब्द काढा, नाहीतर वर्गणी बंद, असं १८३० मध्ये बर्मिंगहॅमच्या मंडळाने सांगितल्यावर तो शब्द संस्थेच्या नावातून गेला. असेंब्लीत हेरिकबाई फारशा भेटत नाहीत. लेस्टरला मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, तिथल्या मुलांना तरी त्या माहीत हव्यात.

इथे एक गंमत आहे, पण ती आपल्याला चिमटा काढणारी. वेस्ट इंडिजची साखर नको तर मग कोणती? उत्तर होतं, भारताची. 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली' असं लिहिलेल्या साखरदाण्या तेव्हा दुकानात मिळत. भारतात गुलामगिरी नव्हती का? होती. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, त्यांच्या नोंदी दप्तरांत आहेत. १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता, तिथे कायद्याने मान्यता काढून घ्यायला १८४३ उजाडलं. आणि आजही बीडकडची जोडपी दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात ती मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसते, मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पण जगभर आधुनिक गुलामगिरीची जी लक्षणं सांगतात, त्यांत कर्जाने बांधलेलं काम अगदी वरच्या ओळीत असतं.

आता नाशिक.

नाशिकचे लोक शरणपूर रोडवरून रोज जातात. तिथे आता दवाखाने, क्लासेस, दुकानं. पण शरणपूर हे नाव नुसतं नाव नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली, विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख मिशनरी. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पळवून गलबतांतून अरबस्तानाकडे विकायला नेत. इंग्रजांच्या युद्धनौका अशी गलबतं पकडत आणि सोडवलेल्या माणसांना मुंबईला उतरवत. त्यांत लहान मुलं खूप. आईबाप कुठे, गाव कुठलं, काही पत्ता नाही. त्यांतली बरीच मुलं शरणपूरला आली. तिथे ती लिहा-वाचायला शिकली, मुलगे लोहारकाम, सुतारकाम शिकले, मुली शिवणकाम. इतिहासात त्यांना 'नाशिक बॉइज' किंवा 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणतात. आफ्रिकेतून पळवलेलं मूल गोदावरीकाठी वाढलं आणि तिथून परत आफ्रिकेला गेलं, अशी ही माणसं.

यांतला जेकब वेनराइट प्रसिद्ध आहे. प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं काळीज तिथेच पुरून जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर लेख कोरला. बरोबरच्या माणसांनी तो मृतदेह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. जेकब त्याच्याबरोबर इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. ॲबी बघायला पाहुण्यांना नेता तेव्हा लिव्हिंगस्टनची फरशी दाखवून मुलांना सांगा, इथे एक नाशिकचा मुलगा उभा होता.

पण मला स्वतःला त्याच्यापेक्षा विल्यम जोन्स जास्त महत्त्वाचा वाटतो. तोही लहानपणी गुलाम होता, तोही नाशिकला शिकला. १८६० च्या दशकात तो मोंबासाजवळच्या रबाई गावच्या मिशनमध्ये कामाला गेला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रियर टाउन ही सोडवलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं, आणि ती वसवायला गेले तेच शरणपूरचे प्राइस. नाशिकची बरीच मंडळी तिथे गेली. तिथे एक घंटा आहे. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवत. आजही त्या भागाला स्वाहिलीत केंगेलेनी म्हणतात, म्हणजे 'घंटेपाशी'.

त्या किनाऱ्यावर गुलामगिरी तेव्हा कायदेशीर होती. मालकांकडून पळून आलेली माणसं मिशनच्या दाराशी यायची. वरिष्ठांचं धोरण सावध होतं: पळालेल्यांना ठेवून घेऊ नका, मालकांशी आणि सुलतानाशी भांडण नको. रबाईला जोन्सने मात्र त्यांना राहू दिलं. एक आला, दहा आले, शेकडो आले. १८८८ मध्ये मालकांनी ओरड केली तेव्हा कळलं की मिशनच्या जमिनीवर पळून आलेली माणसं किती मोठ्या संख्येने राहताहेत. प्रकरण हातघाईवर येण्याआधी ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीने मालकांना पैसे देऊन तडजोड केली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे जणांना मुक्ततेचे कागद मिळाले. पुन्हा पैसे मालकांनाच, हे खरं. पण बिशप आणि कमिट्या जे बघायचं टाळत होत्या ते बघणारा माणूस कोण होता, ते लक्षात घ्या. ज्याला लहानपणी विकलं होतं, त्याला दाराशी उभा राहिलेला माणूस 'धोरणाचा प्रश्न' वाटला नाही.

पुढची शंभर वर्षं मी इथे उडी मारून जाते. चर्चच्या दृष्टीने तो बराचसा आत्मसंतोषाचा काळ होता: आपण गुलामगिरी संपवली, त्याचे पुतळे उभारले. झोप मोडली ती ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकॅम बे नावाची खाडी आहे. तिथे तिसऱ्यांसारखे शिंपले वेचायला काही चिनी मजुरांना अंधारात पाठवलं होतं. भरतीचं पाणी कसं चढतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. किमान २१ जण बुडाले. कर्ज काढून, चोरून आणलेली माणसं, कंत्राटदाराच्या ताब्यात. त्याच वर्षी मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदारांवर परवान्याचा कायदा आला, आणि २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीचा कायदा. त्या विधेयकाची छाननी करणाऱ्या संसदीय समितीत डर्बीचे तेव्हाचे बिशप ॲलिस्टेअर रेडफर्न होते.

कायद्याच्या पुस्तकात 'गुलामगिरी' म्हणून आज जे येतं त्यात साखळ्या नसतात. पासपोर्ट काढून घेतलेला असतो. प्रवासाचं, एजंटाचं, खोलीभाड्याचं कर्ज कधीच फिटत नाही. "पोलिसांकडे गेलास तर तुलाच परत पाठवतील" ही धमकी असते, किंवा गावाकडच्या आईबापांची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांचा २०२१ सालासाठीचा अंदाज आहे की जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसं अशा स्थितीत आहेत. त्यांतली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत, बाकीची सक्तीच्या लग्नात.

चर्च ऑफ इंग्लंडने २०१७ मध्ये यासाठी क्लूअर इनिशिएटिव्ह सुरू केलं. नाव विंडसरजवळच्या क्लूअर गावातल्या नन्सवरून, ज्यांनी १८५२ पासून वेश्याव्यवसायात अडकलेल्या आणि निराधार बायकांना आसरा दिला. विचार साधा होता. देशभर सुमारे १६ हजार चर्च आहेत. प्रत्येक चर्चला फूड बँक, लहान मुलांचा गट, थंडीतला रात्रनिवारा असं काही ना काही जोडलेलं. पिळवणूक झालेला माणूस पोलीस ठाण्यात जात नाही, पण फुकट सूप मिळतं तिथे येतो. मग ते सूप वाढणाऱ्या आजीबाईंना काय बघायचं हे माहीत असायला नको का?

आणि मग २०१८ च्या जूनमध्ये त्यांनी कॅथलिक चर्चच्या सांता मार्ता गटाबरोबर एक ॲप काढलं, हाताने गाडी धुणाऱ्या कार वॉशसाठी. गाडी धुवायला दिली की तुम्ही दहा मिनिटं मोकळेच असता. ॲप तेवढ्यात प्रश्न विचारायचं: कामगारांकडे हातमोजे, बूट आहेत का? ते तिथेच राहत असल्याच्या खुणा दिसतात का? पैसे रोखच घेतात का? ते घाबरलेले वाटतात का? उत्तरांवरून शंका आली तर हेल्पलाइनला कळवायला सांगायचं. डिसेंबरपर्यंत २,२७१ जणांनी माहिती भरली, आणि त्यांतल्या ९३० ठिकाणी गुलामगिरीची शक्यता दिसली. मला तरी हा फॉक्सच्या साखरेच्या हिशोबाचाच नातू वाटतो. साखरेच्या जागी पाच-सहा पौंडांची गाडीधुलाई.

कॅथलिकांमध्येही हे काम मोठं आहे. ८ फेब्रुवारी हा तिथे मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा आणि जागृतीचा दिवस, २०१५ पासून. तो दिवस संत जोसेफीन बखिता यांचा. सुदानमधून लहानपणी पळवलेली, अनेकदा विकलेली मुलगी. इटलीत तिने मालकिणीबरोबर परत जायला नकार दिला आणि १८८९ मध्ये कोर्टाने तिला मुक्त ठरवलं. जोन्सचे चौदाशे लोक सुटले तेच वर्ष. योगायोग असा की चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने कॉड्रिंग्टनच्या मळ्याबद्दल माफीचा ठराव केला तोही ८ फेब्रुवारीलाच, २००६ मध्ये. छातीवर डागलेला तो शब्द त्या चर्चेत निघाला होता. २०२३ मध्ये चर्चने आपल्या जुन्या गुंतवणुकीचा गुलामांच्या व्यापाराशी असलेला संबंध तपासून प्रसिद्ध केला आणि १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. त्यावर चर्चमध्येच वाद आहेत. पण वही उघडली, एवढं तरी झालं.

आता थोडं टीकेचं. "बघा, ओळखा, कळवा" या मोहिमेत एक धोका आहे, आणि तो आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. बाहेरून आलेल्या, तुटकं इंग्रजी बोलणाऱ्या, कमी पैशांत राबणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघायची सवय लागू शकते. कमी पगार म्हणजे गुलामगिरी नव्हे. एकाच खोलीत चौघं राहतात म्हणूनही नव्हे, आपल्यातल्या कित्येकांनी सुरुवातीची वर्षं तशीच काढली आहेत. खूण असते ती एकच: तो माणूस निघून जाऊ शकतो का? आणि मुलांना हेही सांगा की शंका आली तर तिथे जाऊन प्रश्न विचारायचे नाहीत, मालकाशी वाद घालायचा नाही, त्याचा त्रास त्या कामगारालाच होतो. मोठ्यांना सांगायचं. मोठ्यांनी इंग्लंडमध्ये १०१ ला, जीव धोक्यात असेल तर ९९९ ला फोन करायचा.

लेस्टरचं आणखी एक सांगते. हेरिकबाई जिथे दारोदार फिरल्या, त्याच शहरातल्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत २०२० च्या लॉकडाउनमध्ये तासाला साडेतीन पौंडांवर काम चालल्याच्या बातम्या आल्या. कायद्याने तेव्हा किमान ८.७२ पौंड द्यावे लागत होते. शिवणारे बरेचसे भारतीय उपखंडातले. कारखाने चालवणारेही बरेचसे तिथलेच.

म्हणून शेवटी घराचा विषय. आपल्यातली काही कुटुंबं मुलांना सांभाळायला, स्वयंपाकाला गावाकडून मावशी आणतात. बहुतेक जण नीट वागतात, याबद्दल मला शंका नाही. पण "ती घरचीच आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की कान टवकारतात. घरची आहे, म्हणून सुट्टीचा वार ठरलेला नाही. घरची आहे, म्हणून पगार परस्पर तिच्या मुलाला पाठवतो. घरची आहे, म्हणून पासपोर्ट आपल्या कपाटात, "हरवेल म्हणून". घरच्या माणसाचं फोनचं सिमकार्ड कोण मोजून वापरायला देतं? आखातात कफाला पद्धतीमुळे कामगार मालकाच्या नावावरच देशात असतो, तेव्हा हे सगळं फार सहज होऊन जातं. ब्रिटनमध्येही घरकामाच्या व्हिसावर आलेल्यांना मालक बदलायचा हक्क १९९८ मध्ये मिळाला, २०१२ मध्ये काढून घेतला, आणि २०१६ मध्ये फक्त सहा महिन्यांच्या त्या व्हिसापुरता परत दिला. सहा महिन्यांत नवीन घर शोधणार कोण, आणि कसं?

आपल्या गटात वसईची, नगरची, सोलापूरची ख्रिस्ती कुटुंबंही आहेत. तुमच्या पॅरिशमध्ये ऑक्टोबरात किंवा ८ फेब्रुवारीच्या आसपास यावर कार्यक्रम असेल तर शरणपूरची आणि विल्यम जोन्सची गोष्ट तुम्ही तिथे सांगा. इंग्लिश मंडळींना ती सहसा माहीत नसते, आणि आपल्याइतकी आपलेपणाने त्यांना ती सांगता येणारही नाही.

अमेरिकेतल्यांसाठी एक: तिथे २००८ मध्ये मानवी तस्करीविरुद्ध जो कायदा झाला, त्याला विल्बरफोर्सचंच नाव दिलं आहे. त्या कायद्याने घरकामाच्या आणि इतर काही व्हिसांवर येणाऱ्या कामगारांसाठी एक पत्रक ठरवून दिलं. ते वकिलातीत मुलाखतीच्या वेळी देतात, अनेक भाषांत आहे, इंटरनेटवरही मिळतं. पासपोर्ट तुमच्याजवळच ठेवायचा तुम्हाला हक्क आहे, ठरलेला पगार मिळायचा हक्क आहे, मनाविरुद्ध कुणी कामाला जुंपू शकत नाही, हे त्यात सोप्या शब्दांत लिहिलं आहे. ते कामगाराच्या हातात देतात, मालकाच्या नाही. मावशी येणार असतील, तर त्या विमानात बसायच्या आधी ते तुम्हीही वाचा, आणि त्यांना मराठीत वाचून दाखवा.